साखर वाढली

आमच्या घरात गेल्या तीस वर्षांत काहीही संपलेलं नाही. काही फुटलेलं नाही, काही विझलेलं नाही. याचं सगळं श्रेय माझ्या सासूबाईंचं. तांदळाचा डबा रिकामा झाला की त्या म्हणतात, तांदूळ वाढले. बांगडी फुटली की बांगडी वाढली. देवापुढचा दिवा त्या कधी विझवत नाहीत, वाढवतात. मराठी घरांना ही रीत नवी नाही. नारळ आपण सगळेच वाढवतो आणि दुकानदार रात्री दुकान वाढवतात. पण बाकीचे लोक हे सणावारी पाळतात. सासूबाई ते मोबाइलच्या रिचार्जलाही लावतात.

ही शिस्त त्यांनी उमरेडच्या माहेरून आणली. तिथे हातमाग होते, घरातले सगळे पुरुष विणायचे. मागावर धागा तुटला तरी "तुटला" म्हणायची सोय नव्हती, असं त्या सांगतात. तोंडातून वाईट शब्द काढला की तो घरातच कुठेतरी बसून राहतो आणि आपली पाळी यायची वाट बघतो, अशी त्यांची समजूत आहे.

मी नाशिकहून लग्न होऊन नागपूरच्या धरमपेठेत आले तेव्हा मला हे माहीत नव्हतं असं नाही, पण एवढं माहीत नव्हतं. पहिल्याच महिन्यात एका सकाळी सासूबाई म्हणाल्या, सिलेंडर वाढलं. मला वाटलं, एक जास्तीचं आलंय. त्याच दिवशी शेजारच्या वहिनी उसनं सिलेंडर मागायला आल्या. मी मोठ्या मनानं म्हटलं, न्या की, आमच्याकडे वाढलंय. त्यांनी ते उचललं, ते फारच सहज उचललं गेलं, आणि त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी अजून विसरलेले नाही. त्या दिवशी आमच्याकडे दडपे पोहे झाले आणि मी ही भाषा शिकले. माझा नवरा तर याच भाषेत जन्मलेला. म्हणूनच पुढे जे झालं ते आमच्या घरात तरी व्हायला नको होतं.

घरात एक मांजर आहे. तिचं नाव इथे लिहिता येणार नाही. सासूबाईंनी ते आमच्या गल्लीतल्या एका बाईंवरून ठेवलं आहे, कारण दोघींची चालायची तऱ्हा सारखी आहे, आणि त्या बाई अजून रोज सकाळी आमच्या फाटकावरून फिरायला जातात. तेव्हा मी तिला नुसतं मांजर म्हणते. अंगानं करडी, एक कान फाटलेला, वयानं माणसाच्या हिशेबात सासूबाईंच्या बरोबरीची. स्वभावही साधारण तोच. दोघींना दुपारी कोणी हाक मारलेली चालत नाही आणि दोघींना आपण घराचे मालक आहोत याबद्दल शंका नाही.

एका हिवाळ्यात ही मांजर पाणी प्यायला लागली. उन्हाळ्यात ती कूलरच्या टाकीतून पाणी पिते, त्याचं कोणाला काही वाटत नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात सगळेच कुठून ना कुठून पाणी पीत असतात. पण कूलरला खोळ घालून ठेवलेली, आम्ही स्वेटर घालून बसलेले, आणि ही बाथरूममधल्या बादलीवर पुढचे पाय ठेवून पितच राहायची. खायची दुप्पट आणि वाळत चाललेली. तिच्या शी-शूसाठी ठेवलेला मातीचा ट्रे सारखा ओला. मी आणि नवरा आपसात किडनीबद्दल बोलत होतो, तेव्हा खाटेवरून सासूबाईंचा आवाज आला.

"हिले शुगर झाली. हे सारं माह्यं आहे, मी ओळखून राहिली."

आम्ही दोघं हसलो. दोन दिवसांनी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी मांजरीच्या कानाला सुई टोचून रक्ताचा थेंब घेतला, मशीन पाहिलं, आणखी तपासण्या केल्या, आणि सासूबाईंचंच वाक्य जरा शुद्ध भाषेत सांगितलं. सासूबाई सोबत होत्या. त्यांनी विजयानं माझ्याकडे पाहिलं, पण खरी मेजवानी त्यांना पुढे मिळाली. नवऱ्यानं विचारलं होतं की आम्ही हिला कधी गोड देत नाही, तरी असं कसं? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, देऊन उपयोगही नाही, मांजरांना गोड चव कळतच नाही. वय, वजन, बसून राहणं, त्यानं होतं.

परतताना ऑटोत सासूबाई एवढंच म्हणाल्या की जिनं जन्मात गोड चाखलं नाही तिलेही शुगर झाली. मंग मी कायले सोडलं?

सासूबाईंना गोड प्राणाहून प्रिय, आणि त्यांचं गोड मी बंद केलं होतं. त्यांची स्वतःची साखर गोळ्यांना दाद देईनाशी झाली होती. पायांना मुंग्या येत, नजर अंधूक झाली होती, आणि त्यांचे डॉक्टर वर्षभर इन्सुलिनचं बजावत होते. सासूबाई सुईला तयार नव्हत्या. इन्सुलिन म्हणजे शेवटचं औषध, ते घेतलेला माणूस वाचत नाही, असं त्यांनी कुठून तरी डोक्यात घेतलं होतं आणि भजनी मंडळातल्या मैत्रिणींनी त्याला खतपाणी घातलं होतं. मी समजावलं, रागावले, एकदा रडलेही. शेवटी हातात होतं तेवढं केलं. घरातून गूळ, मध, मिठाई, शेवया, सगळं हद्दपार केलं. फक्त पाहुण्यांच्या चहापुरती साखर एका छोट्या डब्यात राहिली.

आणि आता मांजरीला दिवसातून दोनदा इन्सुलिन टोचायचं होतं. मी सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ मांजरीच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग त्यांनी सौदा मांडला.

"आधी तिले द्या. मी पाहतो. ती जगली, तर मंग माह्यं बोला."

त्या क्षणापासून मांजरीचं दुखणं हे एकट्या मांजरीचं राहिलं नाही. तिच्या मानेत जाणारी प्रत्येक सुई सासूबाई पाहणार होत्या. मांजर धडधाकट राहिली तर सासूबाई इन्सुलिन घेणार. मांजरीला काही झालं तर पुन्हा तो विषय काढायची माझी टाप नव्हती. असं असताना मी किती जपून वागले असेन ते सांगायला नको. देवाला नैवेद्य दाखवते त्यापेक्षा जास्त शुचिर्भूतपणे मी त्या मांजरीला औषध देत होते.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की आधी संत्र्यावर हात बसवा, साधं पाणी भरून. नागपुरात हा सल्ला देणं सोपं आहे. सासूबाईंच्या बहिणीचा मुलगा नरखेड तालुक्यातल्या आपल्या बागेतून पोतंभर संत्री धाडतो, ती व्हरांड्यातच पडलेली होती. मी दोन संत्र्यांत शिकले. नवऱ्यानं अख्खी टोपली टोचली. तो खापरखेड्याच्या वीजकेंद्रात इंजिनियर आहे. जिथे एक चूक झाली तर अर्धा जिल्हा अंधारात जाईल अशा ठिकाणी तो शांतपणे चहा पितो, पण सुई म्हटली की त्याचे ओठ पांढरे पडतात. संत्र्यावर मात्र त्याचा हात सुरेख बसला. चिमटीत धर, तिरपी घाल, दाब, काढ. मग आम्ही त्याच्यापुढे मांजर ठेवली. मांजरीनं वळून त्याच्याकडे पाहिलं आणि त्यानं सुई माझ्या हातात दिली. संत्रं वळून पाहत नाही, असं त्याचं म्हणणं. टोचलेली संत्री टोपलीतच राहिली आणि भजनी मंडळाच्या बायकांनी ती रसाळ आहेत म्हणून नावाजून खाल्ली.

तर टोचायचं काम माझं. सकाळी एकदा आणि दिवेलागणीला एकदा. आधी मांजरीनं खायला हवं, कारण खाल्ल्याशिवाय इन्सुलिन द्यायचं नाही, हा पहिला नियम. दुसरा नियम, ठरलेल्या मापाच्या वर थेंबही नाही. मशीनवर साखर कितीही दिसो, आपल्या मनानं वाढवायचं नाही, आधी फोन करायचा. मानेमागची सैल कातडी वर उचलायची, त्याचा लहानसा तंबू करायचा आणि तंबूत सुई सारायची. मांजर तोवर जेवणात असते, तिला कळतसुद्धा नाही. आठवड्यातून एखादवेळी कानाच्या कडेला टोचून मशीनवर थेंब घ्यायचा. ते मात्र तिला कळायचं, आणि आजूबाजूच्या घरांनाही कळायचं.

खाऊ घालायचं काम सासूबाईंनी मागून घेतलं. ते काम कोणी मागून घेईल असं मला वाटलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी दिलेलं मांजरीचं पथ्याचं खाणं एका मोठ्या स्टीलच्या डब्यात असायचं आणि डबा उघडला की शेजारच्या खोलीतला माणूस उठून गॅलरीत जायचा. वाळलेली मासळी, त्यात औषधाचा वास. नवरा त्या डब्याच्या जवळून जाताना श्वास धरायचा. पण सासूबाईंनी डबा आपल्या खाटेखाली ठेवून घेतला. तिले मीच देणार, म्हणाल्या, दुसऱ्या कोणाचा हात नको. सकाळ-संध्याकाळ त्या खाली वाकून डबा ओढायच्या, आमच्याकडे पाठ करून कितीतरी वेळ त्यात काही करत राहायच्या, आणि मग मांजरीची वाटी पुढे यायची. त्या वयात गुडघे मोडून बसायला किती त्रास होत असेल. मी हे कॉलेजच्या स्टाफरूममध्ये सांगितलं तेव्हा दोन सहकारी बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं.

मांजर सुधारली. बादली सोडली, अंग धरलं, कपाटावर उडी मारायला लागली. सासूबाई रोज तिला निरखायच्या. एकदा तिला मांडीवर घेऊन मानेमागचे केस बाजूला करून त्या सुईची खूण शोधत होत्या. सापडली नाही. मग आपल्या दंडावरून त्यांनी एक बोट फिरवलं, ते मी पाहिलं. उन्हाळा लागेपर्यंत मला खात्री वाटायला लागली होती की आता त्या हो म्हणतील.

मग तो दिवस आला. नवरा रात्रपाळी करून आलेला, कूलरसमोर आडवा झोपलेला. मी कॉलेजात. संध्याकाळी भजनी मंडळ यायचं होतं म्हणून सासूबाईंनी दुपारीच चहाची तयारी काढली, आणि साखरेचा डबा रिकामा. त्या नवऱ्याच्या उशाशी आल्या. पुढचं संभाषण मी त्या दोघांकडून वेगवेगळं ऐकलं आहे आणि शब्दाशब्दानं जुळतं.

"बाबू, साखर वाढली."

तो अर्धवट झोपेत. त्यानं विचारलं, किती?

"किती काय? पूर्णच वाढली."

तो खडबडून उठला. आमच्या मशीनवर साखर फार झाली की आकडा येत नाही, नुसतं "हाय" असं येतं. "पूर्ण वाढली" म्हणजे तेच, असं त्याच्या झोपाळू डोक्यानं ठरवलं. गेले कित्येक महिने आमच्या घरात साखर हा शब्द डब्यातल्या साखरेसाठी कोणी उच्चारलाच नव्हता. साखर म्हणजे एक मांजरीची, एक सासूबाईंची. सासूबाईंची त्या स्वतः कधी सांगत नसत, तेव्हा राहिली मांजर. जन्मापासून ऐकलेली भाषा तो माणूस कूलरच्या वाऱ्यात विसरला. आईला म्हणाला, तू बस, मी पाहतो. सासूबाईंना वाटलं, पोरगा दुकानात चालला. त्या समाधानानं खाटेवर जाऊन पडल्या.

आणि माझ्या नवऱ्यानं, ज्याचे सुई पाहून ओठ पांढरे पडतात त्यानं, एकट्यानं फ्रिज उघडला, औषध भरलं, झोपलेल्या मांजरीची कातडी चिमटीत धरली आणि संत्र्यावर शिकलेली विद्या पहिल्यांदा मांजरीवर चालवली. मांजर वळलीच नाही. त्याला इतका आनंद झाला की मला लगेच फोन करायचा मोह त्यानं आवरला. रात्री जेवताना सहज सांगायचं, असं त्यानं ठरवलं. संध्याकाळचीच सुई आपण जरा लवकर दिली, असा त्याचा हिशेब होता. भाजी आणायला तो बाहेर पडला तेव्हा शीळ घालत होता, असं सासूबाई सांगतात.

मी दिवेलागणीला घरी आले. भजनी मंडळ मठ्ठा पिऊन गेलं होतं, चहा झालाच नव्हता, आणि सासूबाई मुलावर तणतणत होत्या की साखरेला गेलेला माणूस भाजीच घेऊन येणार. मला त्यातलं काही नीट ऐकू आलं नाही, मी ते ऐकायला थांबलेही नाही. मांजरीची वाटी समोर होती. तिनं दोन-चार दाणे खाल्ले, मी रोजची सुई दिली. उन्हामुळे कमी खातेय, असं मला वाटलं.

थोड्या वेळानं ती स्वयंपाकघराच्या दारात आली. मागचे पाय तिच्या ऐकण्यात नव्हते. दोन पावलं टाकली, एका कुशीवर कलली, पुन्हा उठली, भिंतीला धडकली. मी हाक मारली तर माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. मग तिथेच पसरली आणि तिचा जबडा हलायला लागला. मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, इन्सुलिन किती दिलं? मी माप सांगितलं. त्याच वेळी दार उघडून नवरा पिशवी घेऊन आत आला, मांजरीकडे त्याचं लक्ष गेलं नव्हतं, आणि हसत हसत म्हणाला की संध्याकाळची सुई मी दिलीय बरं का, दुपारीच.

फोन माझ्या कानाला होता. डॉक्टरीणबाईंनी ते ऐकलं. त्या म्हणाल्या, साखर उतरलीय, वेळ घालवू नका, मध किंवा साखरेचं घट्ट पाणी बोटानं हिरड्यांना चोळा, घशात ओतू नका, आणि लगेच घेऊन या.

मी साखरेच्या डब्यावर झडप घातली. झाकण काढलं. तळाशी एक लवंग होती. मी डबा उलटा करून बघितला आणि ओरडले की साखर कुठे आहे, आणि मागून सासूबाईंचा आवाज आला, अगदी बारीक.

"सांगतलं होतं ना मी. साखर वाढली म्हणून."

नवऱ्याचा चेहरा मी पाहिला. त्याला काय कळलं ते मला कळलं, आणि आम्हाला काय कळलं ते सासूबाईंना कळलं. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी हसून लोळले असते. त्या दिवशी मी फळीवरचे सगळे डबे उघडत सुटले. घरातलं सगळं गोड मी स्वतःच्या हातांनी बाहेर काढलं होतं. नवरा अनवाणीच शेजारी धावला साखर मागायला.

सासूबाई भिंत धरून मांजरीजवळ खाली बसल्या होत्या. तिचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, सासरे गेले तेव्हाही नाही.

"मीच म्हटलं, आधी तिले द्या. मले भेव लागे म्हणून तिले पुढं केलं."

मग त्यांनी डोळे पुसले, माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि एखादा मोठा निर्णय घ्यावा तसं म्हणाल्या, खाटेखालचा डबा आण.

मला वाटलं, त्यांना तिला खाऊ घालायचंय. मी डबा आणला. त्यांनी झाकण उघडलं, दंडापर्यंत हात त्या वासाच्या ढिगात घातला, दाणे बाजूला सारले आणि तळातून एक बाटली वर काढली. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली, वर दोन रबरबँड. मध. नरखेडच्या बागेतला, बहिणीच्या मुलानं संत्र्याच्या पोत्यात घालून धाडलेला. निम्म्याहून जास्त वाढलेला. आत एक लहान चमचाही होता.

रोज सकाळ-संध्याकाळ पाठ करून त्या त्या डब्यात इतका वेळ काय करत होत्या, ते मला अखेर समजलं. स्टाफरूममधल्या त्या दोन बायकांना मी अजून सांगितलेलं नाही.

सासूबाईंनी बोट मधात बुडवलं आणि मांजरीचा ओठ वर करून हिरडीवर फिरवलं. पुन्हा बुडवलं, पुन्हा फिरवलं. बारीक धाग्यांत आयुष्य गेलेल्या घरातली ती बोटं, नजर अंधूक झालेली तरी एकदाही चुकली नाहीत. मी मांजरीचं डोकं धरून बसले होते आणि मनातल्या मनात सगळ्या देवांना काहीबाही कबूल करत होते. जबड्याचं हलणं थांबलं. मग कान हलला, तो फाटका. मग मांजरीनं डोळे फिरवले, सासूबाईंकडे पाहिलं, आणि त्यांचं बोट कचकन चावलं.

सासूबाई कळवळल्या आणि हसल्या. बोटातून रक्त येत होतं, त्यावर मध होता, आणि ते बोट त्यांनी स्वतःच्या तोंडात घातलं. रक्त थांबावं म्हणून, असं त्या म्हणतात. तेवढ्यात नवरा शेजारून वाटीभर साखर घेऊन धापा टाकत आला. आम्ही दोघी त्याच्याकडे अशा पाहत राहिलो की तो वाटी घेऊन तसाच ऑटो शोधायला परत गेला.

डॉक्टरीणबाईंनी मांजरीला सलाईन लावलं आणि देखरेखीसाठी ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी ती परत मिळाली, रागावलेली आणि ठणठणीत. आमची चूक कशी झाली ते त्यांना समजावून सांगायला बराच वेळ गेला. त्या मूळच्या महाराष्ट्राबाहेरच्या, त्यांना वाटलं आम्ही बनवाबनवी करतोय. शेवटी त्यांनी टेबलावर बोट आपटून नवा नियम सांगितला, की इन्सुलिन असलेल्या घरात मध हाताशी असलाच पाहिजे, लपवून नाही, समोर.

सासूबाई स्टुलावर पिशवी धरून बसल्या होत्या. बोटाला पट्टी. त्या जरा पुढे वाकल्या.

"इन्सुलिन माणसानं घेतलं, तरी मध ठेवा लागते काय?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हो, तेच. माणसाचीही साखर उतरू शकते. उतरली की लगेच गोड द्यायचं.

सासूबाईंनी मान हलवली. ऑटोत मांजरीची टोपली त्या मांडीवर घट्ट धरून बसल्या. मी खचून बसले होते. मला दिसत होतं की सौदा बुडाला. ज्या सुईनं मांजर जवळजवळ गेली ती सुई आता त्या कशाला घेतील? मी त्या विषयाला मनातल्या मनात निरोप देऊन टाकला होता. फाटकाशी उतरताना त्यांनी माझा दंड धरला. माझ्या डॉक्टरला फोन लाव, म्हणाल्या, सुईचं सांग त्याले. मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. काहून, असं मी त्यांच्याच भाषेत विचारलं, तर म्हणाल्या की जे आपल्या हातून चुकलं तेही निभावलं, मंग आता भ्यायचं काय उरलं.

हे त्यांनी फार गंभीरपणे सांगितलं आणि मी तिथे फाटकाशीच त्यांना मिठी मारली. मला त्यांचा अभिमान वाटला, अजून वाटतो. आता रोज दिवेलागणीला मी आधी मांजरीला टोचते, मग सासूबाईंना. मांजरीला कळत नाही, सासूबाईंना कळतं, पण त्या कण्हत नाहीत. पायांच्या मुंग्या कमी झाल्यात. साखरेच्या डब्यावर नवऱ्यानं स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलंय: "डब्यातली." आणि नियमाप्रमाणे मधाची बाटली देवघराशेजारच्या फळीवर उभी आहे, लपवून नाही, समोर, दोघींसाठी.

त्या दिवसानंतर मांजरीची साखर एकदाही उतरलेली नाही. सासूबाईंचीही नाही. मी दोघींची तपासते, मला माहीत आहे. मध मात्र दर महिन्याला वाढतो.